हुबेहूबपणाची पूजा

आजकाल आमच्या संगीतसभांच्या जाहिरातींत 'हुबेहूब' हा शब्द मोठ्या अभिमानानें मिरवूं लागला आहे. बालगंधर्वांचें पद हुबेहूब, मास्टर दीनानाथांची तान हुबेहूब, अब्दुल करीम खांसाहेबांचा स्वर हुबेहूब. आणि हें सारें श्रद्धांजलि म्हणून! आमचें म्हणणें आरंभींच स्पष्ट सांगून टाकतों, म्हणजे वाद घालूं इच्छिणारांची गैरसोय व्हावयाची नाहीं. दिवंगत कलावंताची एखादी ध्वनिमुद्रिका स्वरास स्वर आणि हरकतीस हरकत लावून पुन्हां म्हणणें ही अभ्यासाची उत्तम रीति आहे. परंतु श्रद्धांजलि म्हणून ती पोकळ आहे आणि तरुण गायकांस ती घातक आहे.

आम्ही राहतों त्या मीरा-भाईंदरांत या हौसेला विशेष भर कां यावा, हें समजण्यासारखें आहे. एके काळीं मिठागरें, भातशेती आणि कोळीवाडे यांचा हा मुलूख. 2002 सालीं येथें महानगरपालिका झाली. गिरगांव, दादर, परळ येथील जागा परवडेनाशी झाल्यावर जीं मराठी कुटुंबें लोकलगाडीच्या रुळांनीं उत्तरेकडे सरकत आलीं, त्यांतील कित्येक येथें विसावलीं. चाळ सुटली, साहित्य संघाचें नाट्यगृह दूर राहिलें. अशा माणसास आजोबांच्या फोनोवरचें गाणें जसेंच्या तसें ऐकावेंसें वाटलें तर त्याला दोष कोण देईल? परंतु मनाची ओढ ही एक गोष्ट आणि कलेचा निकष ही दुसरी. आमच्याच गांवीं लता मंगेशकरांचें नांव धारण करणारें नाट्यगृह उभें आहे. लताबाईंच्या प्रारंभींच्या गाण्यांवर नूरजहाँच्या गायकीची छाया जाणकारांस दिसते. ती त्यांनीं लवकरच मागें टाकली, म्हणून तर आज त्या दारावर त्यांचें नांव आहे. ती छाया हुबेहूब जपत त्या बसल्या असत्या तर पाटी कोरी राहिली असती.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. ज्या वस्तूची नक्कल केली जाते ती वस्तु कोणती? नक्कल करणारे म्हणतात, बालगंधर्वांचें गाणें. आम्ही म्हणतों, लाखेची तबकडी. तबकडीच्या एका बाजूला सुमारें तीन, फार तर साडेतीन मिनिटें मिळत. गायकाला तेवढ्यांत मुखडा, अंतरा, चार ताना आणि शेवट उरकावयाचा असे. परंतु गंधर्व नाटक मंडळीच्या रंगभूमीवर पद असें संपत नसे. 'वन्समोअर' मागून 'वन्समोअर' येत, कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवांचा तबला मागें उभा असे, आणि तेंच पद दर खेपेला नव्या वळणानें फुटत असे. 1916 सालीं 'स्वयंवर' रंगभूमीवर आलें तेव्हां भास्करबुवा बखल्यांनीं पदांना ज्या चाली दिल्या, त्यांत रागाचें अंगण मोकळें ठेवलेलें होतें. 'नाथ हा माझा' यांतील यमन हा कांहीं मोजून तीन मिनिटांचा यमन नव्हे. खुद्द भास्करबुवा एकाच उस्तादाची छबी होऊन बसले नव्हते. तीन निरनिराळ्या घराण्यांची तालीम घेऊन त्यांनीं आपला एक गळा सिद्ध केला होता. तेव्हां तबकडींत सांपडलें तें शेंकडों रात्रींपैकीं एका दुपारचें, भोंग्यासमोर घाईनें म्हटलेलें गाणें. कदाचित् त्या दिवशीं एखादी हरकत अपुरी राहिली असेल, एखादा श्वास नको तेथें तुटला असेल. आमचे भक्त तो तुटका श्वासही गिरवतात! ज्या माणसाचें सारें वैभव दररोज वेगळें गाण्यांत होतें, त्याला दररोज तेंच गाऊन वंदन करावयाचें, हा विपर्यास आमच्या लक्ष्यांत कां येऊं नये?

हा रोग केवळ आमचाच आहे असें मात्र नाहीं. युरोपांत जाँगो राइनहार्ट नांवाचा जिप्सी गिटारवादक होऊन गेला (1910–1953). 1928 सालीं त्याच्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताचीं दोन बोटें जवळजवळ निकामी झालीं. उरलेल्या दोन बोटांनीं तारेवर धांवण्याची एक नवीच रीति त्यानें बसविली. 1934 पासून पॅरिसमध्यें व्हायोलिनवादक ग्रापेली याच्यासह त्यानें जें वादन केलें त्यावर आज एक संपूर्ण संप्रदाय उभा आहे. त्या संप्रदायांतील तरुण त्याच्या ध्वनिमुद्रित वादनाचा स्वर न् स्वर चार धडधाकट बोटांनीं वाजवून दाखवितात. परंतु जाँगोनें स्वतः काय केलें? 'मायनर स्विंग' ही त्याची प्रसिद्ध चीज 1937 सालीं ध्वनिमुद्रित झाली. 1949 सालीं रोम येथें तीच त्यानें पुन्हां वाजविली, आणि आपल्याच जुन्या वादनाची नक्कल करण्याची गरज त्याला वाटली नाहीं. धन्याला जी निष्ठा नको होती ती चाकरांनीं त्याच्या माथीं मारावी, असा हा प्रकार आहे.

यावर एक आक्षेप नेहमीं येतो, आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. बीथोव्हेनची सिंफनी लिहिल्या स्वरांबरहुकूम वाजवितात, तिला कोणी नक्कल म्हणत नाहीं. मग आमच्यावरच हा राग कां? उत्तर असें, कीं बीथोव्हेननें ती सिंफनी पूर्ण करून, खोडून, पुन्हां लिहून जगाच्या हातीं दिली. तेथें लिपि हीच कृति आहे. आमच्याकडे बंदिश व चाल ही कृति. तान ही त्या क्षणाची उपज. बंदिश जतन करा, आम्ही तुमच्या पुढें नमस्कार करूं. उपज मात्र जतन करतां येत नाहीं. ती केली कीं उपज राहत नाहीं, पाठांतर होतें. बरें, जतनाचाच प्रश्न असेल तर मूळ तबकडी आज कोणाच्याही खिशांतील फोनवर वाजते. तिच्या रक्षणासाठीं एका जिवंत गळ्याचा बळी देण्याचें प्रयोजन काय?

कुमार गंधर्वांचें उदाहरण येथें निर्णायक आहे, आणि मौज अशी कीं दोन्ही पक्ष तें आपल्या बाजूला ओढतात. बेळगांवकडील हा मुलगा मोठमोठ्या गायकांच्या रेकॉर्डी ऐकून त्या तंतोतंत म्हणून दाखवीत असे. 1936 सालीं मुंबईच्या जिना हॉलमधील परिषदेंत बारा वर्षांच्या या पोरानें भल्याभल्यांस थक्क केलें. नकलेचे पुरस्कर्ते गोष्ट येथेंच थांबवितात. पुढचें आम्ही सांगतों. तो मुलगा प्रो. देवधरांकडे शिकावयास राहिला आणि वर्षानुवर्षें रागाची चिकित्सा करीत बसला. पुढें क्षयानें कित्येक वर्षें गाणें बंद पडलें, देवासचें माळव्याचें लोकगीत कानीं आलें, आणि त्यांतून जो गायक बाहेर आला तो कोणासारखाही नव्हता. याच कुमारांनीं पुढें बालगंधर्वांचीं पदें घेऊन कार्यक्रम केला, आणि त्याला नांव दिलें 'मला उमजलेले बालगंधर्व'. नांवांतील पहिले दोन शब्द वाचकांनीं पुन्हां वाचावेत. ज्याला जगांतील सर्वांत हुबेहूब नक्कल करतां आली असती, त्यानें ती केली नाहीं.

या वादांत प्रत्यक्ष नुकसान कोणाचें होतें हें आम्ही आमच्या विद्यार्थिनीच्या निमित्तानें पाहिलें. मुलगी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. भाईंदरहून पहांटेची गाडी धरून शिकवणीला जाणारी. एका नाट्यगीतस्पर्धेंत तिनें अंतऱ्यांत निषादावर थांबून एक लहानशी, स्वतःची, अत्यंत सुरेल जागा घेतली. सभागृहांतून दाद आली. परीक्षकांपैकीं एका गृहस्थांनीं मात्र निकालानंतर तिला समजावून सांगितलें, "बेटा, रेकॉर्डमध्यें अशी जागा नाहीं." पारितोषिक अर्थातच ज्याच्या गाण्यांत रेकॉर्डची खरखर तेवढी कमी होती त्याला मिळालें. ती मुलगी आतां ती जागा घेत नाहीं. बक्षिसें मिळूं लागलीं आहेत.

नकलेलाही मान असतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. 2011 सालच्या 'बालगंधर्व' चित्रपटांत आनंद भाटे यांनीं जो गळा दिला तो पात्राच्या गरजेचा होता. पडद्यावर नारायणराव दिसावयाचे असतील तर ऐकूंही तेच आले पाहिजेत. तो अभिनयाचा धर्म झाला. साहित्यांतही अत्र्यांनीं 'झेंडूचीं फुलें'मध्यें (1925) समकालीन कवींच्या लकबी नेमक्या उचलल्या, परंतु त्या उचलतांना त्यांच्या डोळ्यांत मिस्किल चमक होती. विडंबनांत टीका असते, म्हणजे नकलाकाराचें स्वतःचें कांहीं तरी असतें. श्रद्धेच्या नांवानें चालणाऱ्या नकलेंत तेवढेंही नसतें.

आमच्या उपनगरांतील आयोजकांस एक साधी सूचना आहे, आणि तिला फारसा खर्चही येणार नाहीं. पुढील कार्यक्रमांत पडदा उघडण्यापूर्वीं मूळ ध्वनिमुद्रिका, खरखरीसह, सभागृहांत मोठ्यानें वाजवावी. तीन मिनिटें लोक शांत बसतील. ज्यांना गिरगांव आठवावयाचें असेल त्यांना तें आठवेल. मग तेंच पद गायकानें आपल्या गळ्यानें म्हणावें. आणि स्पर्धांच्या गुणपत्रिकेंत 'मूळ गायकीशीं साम्य' असा जो रकाना असतो तो काढून त्या जागीं 'उपज' हा शब्द छापावा.