एका भेटीसाठी नऊ आठवडे

प्रवेशाचे दिवस आले की आमच्या कार्यालयातला फोन दिवसभर वाजतो. यंदाही कर्जत, नेरळ, खोपोली, चौकहून पालकांचे फोन आले. प्रश्न एकच: मुलाला इलेक्ट्रिकलला घालू की कॉम्प्युटरला? त्याच पंधरवड्यात आपल्या वाचकांची, म्हणजे परवानाधारक कंत्राटदारांची आणि कारखान्यांतल्या विद्युत अभियंत्यांची पत्रे आली. त्यांचे म्हणणे असे की पदवीधर मिळतात, पण त्यांना लाइनवर सोडता येत नाही. ही पत्रे आणि ते फोन मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. दुखणे एकच आहे, आणि त्यातला काही वाटा आपल्याही पदरात येतो.

गेल्या मे महिन्यात खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीचे काम चालू होते, तिथे मी होतो. २२ केव्हीची केबल दोन्ही टोकांना सोडवून ठेवली होती. नुकताच पदवीधर झालेला एक मुलगा पाच केव्हीच्या मेगरने आर फेज मेगर करत होता. वाचन चांगले आले, त्याने वहीत लिहिले, मेगर बंद केला आणि क्लिप काढायला हात पुढे केला. शेजारी उभ्या असलेल्या वायरमनमामांनी त्याचे मनगट वरच्यावर धरले. डिस्चार्ज रॉड लावला, तेव्हा ‘चट्’ असा आवाज सगळ्यांनी ऐकला. मुलगा पांढरा पडला. म्हणाला, “पण मामा, मेगर तर मी बंद केला होता.” मामा म्हणाले, “मेगर बंद झाला रे, केबल कुठे रिकामी झाली?”

केबल म्हणजे कपॅसिटर, हे त्या मुलाला ठाऊक होते. त्याची साठवणूक किती, वेळ-स्थिरांक किती, हे तो कागदावर पाच मिनिटांत काढून देईल. चार वर्षांत खरी केबल मात्र त्याच्या हातात कोणी दिली नव्हती. या मुलाला दोष देणाऱ्या वाचकांशी मी सहमत नाही.

आणि हा मुलगा शिकला कुठे? घाटाच्या पायथ्याशी. वळवण, लोणावळा, शिरवताचे पाणी पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून पेनस्टॉकने खाली आणून खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली चालू झाले. मुंबईच्या कापडगिरण्यांना त्या विजेने वाफेपासून सोडवले. पुढे १९२२ मध्ये ठोकरवाडीच्या पाण्यावर कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र आले. पेल्टन चाकावरून सुटलेले भिवपुरीचे पाणी उल्हासला मिळते, खोपोलीचे पाताळगंगेला. बदलापूर-अंबरनाथचे नळ आणि रसायनीचे कारखाने याच पाण्यावर आहेत. देशातल्या विद्युत अभियांत्रिकीचा शंभर वर्षांचा वर्ग आपल्या अंगणात भरलेला असताना आपल्या महाविद्यालयांतली मुले पेल्टनचे चित्र पुस्तकातून वहीत उतरवतात. याचा मला मनापासून त्रास होतो.

मुलांना प्रत्यक्ष यंत्रापर्यंत नेणे किती अवघड आहे, हे मी स्वतः अनुभवले आहे. या भागातल्या एका महाविद्यालयात मी दोन सत्रे ‘स्विचगिअर आणि प्रोटेक्शन’ शिकवायला जात होतो. एका उपकेंद्राची भेट ठरवावी म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात प्राचार्यांच्या सहीचे पत्र दिले. विद्यार्थी ५८. आठ दिवसांनी निरोप आला, यादी आधार क्रमांकासह हवी. ती दिली. मग अपघात विम्याची प्रत हवी. तीही दिली. मग प्रत्येक पालकाचे हमीपत्र, तेही मुद्रांक कागदावर. आदिवासी वाड्यांतून येणाऱ्या तीन मुलांच्या पालकांना त्यासाठी मजुरी बुडवून तालुक्याला यावे लागले. सगळे जमा केल्यावर कळले की मूळ पत्र चुकीच्या कार्यालयाच्या नावे आहे, ते वरच्या कार्यालयाला लिहायला हवे होते. पुन्हा पहिल्यापासून. परवानगी हातात आली तेव्हा मार्च उजाडला होता. पंधरा विद्यार्थी, एक तास, फक्त नियंत्रण कक्ष, यार्डात पाऊल टाकायचे नाही.

पंधरा जण कसे निवडायचे हे मला आजही सांगता येणार नाही. चिठ्ठ्या टाकल्या. आत गेल्यावर एका मुलीने विचारले, “सर, या रिलेचं सेटिंग ठरवतं कोण?” ड्यूटीवरच्या ऑपरेटरचा चेहरा उजळला. अनेक वर्षांत त्यांना असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी ट्रिपिंगचे रजिस्टर काढले, आदल्या पावसाळ्यातला एक अर्थ फॉल्ट दाखवला, वरचा ब्रेकर आधी का उडाला नाही हे बोटाने रेघ ओढून समजावू लागले. तेवढ्यात वेळ संपल्याचा फोन आला. सांगायची तयारी असलेला माणूस आणि शिकायला आलेली मुलगी यांच्यामध्ये नऊ आठवड्यांचे कागद उभे होते.

सुरक्षेचे कारण खोटे आहे असे मी म्हणत नाही. चालू यार्डात ५८ पोरे सोडा, असे कोणताही जबाबदार अभियंता म्हणणार नाही. पण पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीआधी देखभालीसाठी आउटेज घेतलेच जाते. त्या दिवशी बस मृत असते, आयसोलेटर उघडलेले असतात, अर्थ लावलेले असतात, परमिट हातात असते. लाइन क्लिअर कसे घ्यायचे आणि कसे परत करायचे हे शिकवायला याहून सुरक्षित दिवस नाही. आउटेजचे वेळापत्रक कार्यालयांकडे आधीपासून असते. त्यातले दोन दिवस तालुक्यातल्या महाविद्यालयांना वर्षाच्या सुरुवातीलाच कळवावेत, कागद एकदाच घ्यावेत, आणि तेही एकाच खिडकीवर. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही. संबंधित अधिकाऱ्यांना आठ दिवसांत काढता येईल एवढे हे परिपत्रक आहे, आणि आम्ही ते दोन वर्षे मागतो आहोत.

आता पालकांसाठी. इलेक्ट्रिकल शाखेत काम नाही, ही अफवा आहे. काम आपल्या दाराशी येत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा करार झाला: शिरवता १,८०० मेगावॉट आणि भिवपुरी १,००० मेगावॉट. उदंचन केंद्र म्हणजे पाणी खाली सोडून वीज आणि वर चढवून साठवण, तेच यंत्र दोन्ही कामांना. त्याचे संरक्षण, उत्तेजन, सुरुवात-थांबा या गोष्टी समजणारी माणसे लागणार आहेत. कर्जत-खंडाळा घाटावर ज्या रेल्वेला मागून इंजिने लावावी लागतात, तिच्या ट्रॅक्शन विभागाला माणसे लागतात. राज्य विद्युत मंडळाचे २००५ साली विभाजन होऊन झालेल्या तिन्ही वीज कंपन्या, पॉवरग्रिड, एनटीपीसी, एमपीएससीमार्फत भरली जाणारी विद्युत निरीक्षकांची पदे, छतावरच्या सौरऊर्जेची कामे, नवी मुंबईतली डेटा सेंटर. केंद्र सरकारी कंपन्यांसाठी गेट परीक्षा द्यावी लागते, म्हणून तिसऱ्या वर्षापासून तयारी करा. पहिली दोन-तीन वर्षे पगार कमी आणि ऊन जास्त, हेही मुलाला आधीच सांगा.

एक सावधगिरी. पदवीवर शाखेचे नाव नेमके काय छापले जाणार आहे ते प्रवेशाआधी पाहा. ‘इलेक्ट्रिकल पॉवर’ किंवा तशाच नावाची पदवी घेतलेली मुले कागदपत्र पडताळणीत अडवली गेल्याची पत्रे आमच्याकडे येतात. कोणत्या शाखा समकक्ष मानायच्या याची यादी एआयसीटीईने २०१७ साली राजपत्रात दिली आहे. ती प्रत सोबत न्या आणि टेबलापलीकडच्या माणसाला वाचायला लावा.

संगणक शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा एआयसीटीईने २०२४-२५ पासून उठवली. त्यामुळे संस्था आपापल्या इलेक्ट्रिकलच्या तुकड्यांकडे कोणत्या नजरेने बघू लागल्या आहेत, ते तिथल्या प्राध्यापकांना विचारा. एकदा तुकडी बंद झाली, प्रयोगशाळेतला मोटर-जनरेटर संच भंगारात गेला, की तो परत येत नाही.

पण सगळे अधिकाऱ्यांवर आणि संस्थांवर ढकलून आपण मोकळे होणार असू, तर ते मला मान्य नाही. आपल्यापैकी किती जणांनी कामावर पाऊलही न टाकलेल्या मुलाला अनुभवाचा दाखला दिला आहे? ओळखीच्या माणसाचा मुलगा म्हणून, किंवा पैसे घेऊन. ते पत्र घेऊन तो मुलगा परवाना काढतो आणि उद्या एखाद्या फार्महाऊसच्या ट्रान्सफॉर्मरवर चढतो. एबी स्विचचे तिसरे पाते नीट उघडले नाही हे त्याच्या लक्षात येत नाही. अशी सही करणाऱ्याने रात्री झोपताना त्या डीपीचा विचार करावा. प्रशिक्षणार्थी कायद्याखाली मुले घ्यायची तर पदवीधराला किमान ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० रुपये विद्यावेतन, असे २०१९ च्या नियमांनी ठरवले होते. खालापूरच्या कितीतरी कारखान्यांत त्याहून जास्त खर्च एका दिवसाच्या डिझेल जनरेटरवर होतो. तरीही ‘परवडत नाही’ हे उत्तर मी आपल्याच सभांमध्ये ऐकले आहे.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतला प्रत्येक परवानाधारक वाचक या डिसेंबरपासून दोन विद्यार्थी सहा आठवड्यांसाठी घेऊ शकतो. त्यांना बूट, हेल्मेट आणि एक वही द्या. वहीत रोजचे काम त्यांनी स्वतः लिहायचे, तुम्ही सही करायची: कुठला फीडर, कुठला परमिट क्रमांक, अर्थ कुठे लावला, कोणी काढला. पहिले दोन आठवडे फक्त डिस्चार्ज रॉड धरायला लावला तरी चालेल. एक मुलगी अवश्य घ्या, आणि तिला कार्यालयात बिले लिहायला बसवू नका.

आपले नाव, तालुका, किती विद्यार्थी घेणार आणि कोणत्या व्होल्टेजचे काम दाखवणार, एवढे चार शब्द येत्या पंधरा तारखेपर्यंत या कार्यालयाला कळवा. दोन्ही तालुक्यांतल्या महाविद्यालयांच्या विभागप्रमुखांकडे ती यादी मी स्वतः घेऊन जाईन. पुढच्या अंकात ती पहिल्या पानावर छापू, मग त्यात चार नावे असोत की चाळीस.