शूर्पारक ते श्रावस्ती

आमच्या नालासोपाऱ्याचें जुनें नांव शूर्पारक. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं येथील बुरूड राजाच्या कोटांतील स्तूप उकरून काढला, हें बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. ‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथांत येथून श्रावस्तीचें अंतर शंभर योजनांहून अधिक सांगितलें आहे. योजन म्हणजे चार कोस; कोस दोन मैलांचा धरल्यास ८०० मैल, म्हणजे सुमारें १,३०० किलोमीटर होतात. नकाशावर सरळ रेषा ओढून आम्हीं मोजलें, तों तेंही तितकेंच भरलें! योजनाचें माप ग्रंथोग्रंथीं निराळें, म्हणून या मेळाचा फार डौल मिरवूं नये. तथापि आम्हां जुन्या मास्तरांस असा हिशेब जुळला कीं जेवण गोड लागतें.

पालि ‘उदाना’त याच गांवच्या बाहियाची कथा आहे. बुद्ध श्रावस्तीस आहेत हें कळतांच तो उठून चालूं लागला. टीकाकार अंतर १२० योजनें देतात व तें त्यानें एका रात्रींत तोडलें म्हणतात. दुसरा अर्थ असा कीं, वाटेंत कोठेंही एका रात्रीपेक्षां अधिक तो थांबला नाहीं. आम्हांस हा दुसरा अर्थ पटतो. बुद्ध भिक्षेस निघाले होते. ही वेळ नव्हे असें त्यांनीं दोनदां सांगितलें, तरी हा हटेना. आयुष्याचा भरंवसा काय, हें त्याचें म्हणणें. तिसऱ्यानें विनवितां उपदेश मिळाला, आणि थोड्याच वेळांत एका वांसराच्या गाईनें त्यास शिंगांनीं मारलें.

आमचे धाकटे बंधु लखनौस असत. “दादा, एकदां या, श्रावस्ती दाखवितों,” असें ते दरवर्षीं म्हणत. मुंबईहून लखनौ १,२०० किलोमीटरांस कांहीं कमीच. विमानास सव्वादोन तास. एवढें जवळ, तेव्हां केव्हांही जातां येईल, अशा विचारानें कधीं पाऊस, कधीं नातवाची परीक्षा असें करीत आम्हीं सहा वर्षें घालविलीं.

गेल्या माघांत अपरात्रीं भावजयीचा फोन आला. पहांटे पांचास घर सोडलें. लोकलनें अंधेरी, पुढें रिक्षा, विमानतळावर दोन तास आधीं हजेरी, तपासणीच्या रांगा, उतरल्यावर पुनः मोटार. बंधूंच्या दारीं पोंचलों तेव्हां दीड वाजला होता. सव्वादोन तासांचे साडेआठ झाले. बारापर्यंत ते शुद्धीवर होते व दोनदां आमची चौकशी केली, असें भावजयीनें सांगितलें. सायंकाळीं सर्व आटोपलें.

तेराव्याचा विधि झाल्यावर पुतण्यानें आम्हांस मोटारीनें श्रावस्तीस नेलें. जेतवनांतील विटांच्या जोत्यांमधून हिंडतांना त्यानें विचारलें, “काका, येथून आपलें सोपारें किती हो लांब?” शंभर योजनें, असें आम्हीं सांगितलें. योजन म्हणजे किती, हें त्यानें विचारलें नाहीं.