बंधपत्र कुणाकडून घ्यायचे?

यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, साक्री. या तालुक्यांतल्या आदिवासी पाड्यांना डॉक्टर मिळत नाही, मिळालाच तर टिकत नाही, ही ओरड खान्देशाला नवी नाही. धुळ्यात आधीपासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून. महाविद्यालये झाली, ओरड कायम आहे. सरकारला सुचणारा उपाय एकच : बंधपत्र! सप्टेंबर २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एका विधेयकाच्या मसुद्याला मान्यता दिली. एमबीबीएसनंतर सात वर्षे, पदव्युत्तर शिक्षणानंतर पाच वर्षे ग्रामीण व डोंगराळ भागात सेवेची हमी देणाऱ्यांसाठी काही जागा राखायच्या, आणि हमी मोडली तर पाच वर्षांपर्यंत कैद.

त्याच वर्षी २२ मे रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी हिचा मृत्यू झाला होता. जळगावची लेक, तडवी भिल्ल समाजातली. मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाली आणि स्त्रीरोगशास्त्र शिकायला मुंबईला गेली. शिकून आपल्याच माणसांत परत यायचे तिचे स्वप्न घरच्यांनी जगाला सांगितले. हिला परत आणायला कोणत्या तुरुंगाची भीती घालावी लागणार होती?

तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर जातीय छळाचे आरोप ठेवले गेले. त्यांचा न्यायनिवाडा न्यायालय करील. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघींना त्याच महाविद्यालयात शिक्षण पुरे करण्याची मुभा दिली, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. आमचा प्रश्न आरोपींपुरता नाही. लेक हयात असतानाच आपण तक्रार केली होती, असे पायलची आई आबेदाताई सांगत आल्या आहेत. मग कायदा कुठे होता?

कायदा होता. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९. तक्रार येताच संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी, प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करावे. आणि प्रमुखाने हयगय केली तर? कलम ७ म्हणते, तोही गुन्ह्याला साहाय्य करणारा ठरेल व शिक्षेस पात्र होईल. वकिली करताना आम्ही पाहतो, हे कलम आयाबापांना तर सोडाच, पुष्कळ प्राध्यापकांनाही ठाऊक नसते. (ठाऊक असणारे गप्प बसतात, हा भाग वेगळा.)

आरक्षणाने आमच्या मुली महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोहोचतात. आत "कोट्यातली" म्हणून हिणवले जाणे, शस्त्रक्रियागृहापासून दूर ठेवले जाणे, याने डॉक्टर घडत नाही. शिकणाऱ्याकडून बंधपत्र घेणाऱ्या सरकारने शिकवणाऱ्याकडूनही ते घ्यावे. धुळे आणि जळगावच्या अधिष्ठात्यांनी रॅगिंगच्या तक्रारी किती आल्या, किती दिवसांत निकाली निघाल्या, हे दरवर्षी जाहीर करावे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. कार्यकर्त्यांनी तो करावाच. आणि ज्यांची लेकरे तिथे शिकत आहेत त्यांनी तोंडी तक्रारीवर थांबू नये. अर्ज लेखी द्यावा, त्यावर तारीख घालावी, आवक शिक्क्याची पोच घ्यावी. ते सात दिवस त्या शिक्क्यापासून मोजता येतात.