बरे झालेल्या मुलांची फाईल

मुलगी पाहायला पाहुणे येणार असतात. घराची आवराआवर चालू असते आणि तिच्यात कपाटाच्या वरच्या फळीवरची एक जाडजूड फाईल उचलून ट्रंकेच्या तळाशी ठेवली जाते. मुलगी सात वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. तीन वर्षे मुंबईच्या खेपा झाल्या, जमिनीचा तुकडा गहाण पडला आणि अखेर एके दिवशी डॉक्टरांनी सांगितले, ‘मुलगी बरी झाली.’ आता ती तेवीस वर्षांची आहे, पदवीधर आहे. पाहुण्यांसमोर त्या आजाराचा उच्चारही करायचा नाही, असे घरात न बोलता ठरलेले असते.

हे चित्र कुणा एका कुटुंबाचे नाही. पण पुष्कळ कुटुंबांना ते ओळखीचे वाटेल. अशा आईवडिलांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी जे सोसले ते त्यांनाच ठाऊक. तरीही ती फाईल ट्रंकेत जाता कामा नये, हे सांगण्यासाठी आजचा लेखप्रपंच.

एक काळ असा होता की लहान मुलाला कर्करोग झाला म्हणजे सारे संपले. हिंदी चित्रपटातही या रोगाचे नाव निघाले की प्रेक्षकाला शेवट कळत असे. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडने फार्बर यांनी अॅमिनोप्टेरिन हे औषध देऊन काही मुलांचा रक्ताचा कर्करोग थोडा काळ तरी मागे हटवून दाखवला. ज्या संशोधनातून हे औषध निघाले त्याचे नेतृत्व आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी केले होते. तेव्हा चार महिने अधिक मिळणे हाच चमत्कार होता. आज श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. २०३० पर्यंत ते जगभर किमान ६० टक्क्यांवर न्यावे, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरवले. भारताची स्थिती या दोहोंच्या मधली आहे. मोठ्या केंद्रांत वेळेवर पोचलेल्या आणि उपचार पुरे केलेल्या मुलांपैकी पुष्कळ बरी होतात.

परंतु या यशाच्या पोटात एक प्रश्न दडलेला होता. नुसते बरे करणे पुरेसे नाही, असा इशारा अमेरिकेतील डॉ. ज्युलिओ डँजिओ यांनी १९७५ मध्येच दिला होता. पुढे तिथे बालपणी कर्करोगातून वाचलेल्यांचा मोठा पाठपुरावा सुरू झाला. १९७० ते १९८६ या काळात रोगाचे निदान झालेल्या १० हजारांहून अधिक जणांची माहिती २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय सत्तावीसच्या आसपास, म्हणजे ऐन उमेदीचे. तरीही त्यांच्यातील ६२ टक्के लोकांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार जडलेला होता. २७ टक्क्यांहून अधिक जणांचा आजार गंभीर किंवा जिवावर बेतणारा होता. त्यांच्या सख्ख्या भावंडांशी तुलना करता गंभीर आजाराचा धोका आठपट होता.

असे का व्हावे? कारण उघड आहे. कर्करोगाच्या पेशी मारणारी औषधे आणि किरण वाढत्या शरीराचीही गय करत नाहीत. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध अनेक पालकांच्या स्मरणात असेल. ते प्रभावी आहे. परंतु हृदयाच्या स्नायूला इजा करू शकते आणि तो स्नायू पुन्हा जवळजवळ भरून येत नाही. एकूण मात्रा जितकी अधिक तितका धोका अधिक. मूल धावते, खेळते, काही जाणवत नाही. आणि पंधरा-वीस वर्षांनी हृदय थकू लागते. सिस्प्लॅटिनने ऐकू कमी येते. स्टिरॉइडमुळे हाडे ठिसूळ होतात. काही औषधांच्या मोठ्या मात्रेने अपत्यप्राप्तीत अडचण येते. गळ्यावर किरण दिले असतील तर थायरॉइडचे काम मंदावते. मेंदूवर किरण दिलेल्या मुलाची उंची खुंटू शकते आणि शिकण्याचा वेगही कमी होऊ शकतो. गणिताच्या तासाला मागे पडणाऱ्या अशा मुलाला ‘लक्ष देत नाही’ म्हणून शिक्षा होते, तेव्हा शिक्षकांना त्यामागची हकीकत माहीत नसते. छातीवर किरण घेतलेल्या मुलींना पुढे स्तनांच्या कर्करोगाचा धोका असतो. म्हणून त्यांची तपासणी पंचविशीपासून, किंवा किरणोपचारानंतर आठ वर्षांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हापासून सुरू करावी असे तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे यात आणखी एक भर पडली. रक्तपेढ्यांतील तपासण्या आजच्याइतक्या कडक नव्हत्या त्या काळात रक्त घेतलेल्या काही मुलांना काविळीचे विषाणूही मिळाले.

हे वाचून कुणी घाबरून जाऊ नये. सगळ्यांना सगळे होत नाही. शिवाय वैद्यकशास्त्र आपल्या चुकांतून शिकत आले आहे. रक्ताच्या कर्करोगात मेंदूवर सरसकट किरण देणे मागे पडले, औषधांच्या मात्रा मोजूनमापून दिल्या जाऊ लागल्या. अमेरिकेतील ३४ हजार जणांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर पाच वर्षे जगलेल्यांपैकी पुढील पंधरा वर्षांत मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण १९७० च्या दशकाच्या आरंभी १२.४ टक्के होते; १९९० च्या दशकात उपचार झालेल्यांत ते ६ टक्क्यांवर आले. उरलेला धोकाही आधी कळला तर बराचसा आवरता येतो. प्रश्न आहे तो कळण्याचा.

या बाबतीत मुंबईने बऱ्याच आधी पाऊल उचलले, हे आवर्जून सांगायला हवे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. आजार परत आला का एवढेच तेथे पाहत नाहीत. मूल कसे वाढते आहे, कसे शिकते आहे, हेही पाहिले जाते. अशा मुलांनी मोठे होऊन २००९ साली ‘उगम’ हा आपला गट उभा केला. इतर मोठ्या केंद्रांतही असे विभाग आहेत.

तरीही साखळी तुटतेच. मूल ठणठणीत दिसत असताना एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे घालवून मुंबईला कशाला जायचे, असा विचार गावाकडचा बाप करतो, तो चुकीचा कसा म्हणावा? मूल अठरा वर्षांचे झाले की बालरोगतज्ज्ञ सुटतात आणि मोठ्यांच्या डॉक्टरांना पूर्वेतिहास ठाऊक नसतो. कित्येकदा खुद्द मुलालाच आपल्याला काय झाले होते हे सांगितलेले नसते. आणि या सगळ्याच्या वर बसलेली असते ती लग्नाची काळजी.

आता पुन्हा त्या तेवीस वर्षांच्या मुलीकडे येऊ. तिचे लग्न होते, दिवस जातात. गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो, बाळंतपणात आणखी वाढतो. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई विचारतात, ‘पूर्वी काही मोठे दुखणे?’ शेजारी सासूबाई बसलेल्या असतात. मुलगी म्हणते, ‘नाही.’ त्या एका शब्दाने हृदयाची एक साधी तपासणी हुकते. इको वेळेवर झाला असता तर कदाचित काहीच निघाले नसते; निघाले असते तर बाळंतपण कुठे आणि कसे करायचे, हे आधी ठरवता आले असते. गुपित राखले ते तिच्या सुखासाठी, आणि तेच तिच्या जिवावर उठू शकते.

हे गुपित ज्या समजुतींवर उभे आहे त्यांपैकी बहुतेक खोट्या आहेत. कर्करोग संसर्गाने होत नाही. बरे झालेल्यांच्या अपत्यांत जन्मजात व्यंगांचे किंवा कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही. डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगासारखे काही आनुवंशिक प्रकार हा अपवाद. तेथे तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तेव्हा सांगणाऱ्यांनी धीर करावा हे खरे; पण ऐकणाऱ्यांनीही थोडे मोठे मन करायला नको का? मुलगी पाहायला जाणारे आपणच असतो. नोकरी देणारे आणि विम्याचा अर्ज तपासणारेही आपल्यातलेच. फ्रान्समध्ये तर उपचार संपून पाच वर्षे झालेल्यांना कर्जासाठीचा विमा काढताना जुना कर्करोग सांगण्याची सक्ती करता येत नाही. विमा कंपनीपासून लपवण्याची मुभा आणि डॉक्टरांना सांगण्याची मोकळीक, या दोन्ही गोष्टी कायदा आणि समाज मिळून देऊ शकतात.

घरच्यांनी करायचे काम फार मोठे नाही. उपचार संपताना डॉक्टरांकडून एका पानाचा सारांश मागून घ्यावा. कोणता कर्करोग, कोणती औषधे, प्रत्येकाची एकूण मात्रा किती, किरण कुठे आणि किती, शस्त्रक्रिया कोणती, रक्त दिले का, आणि पुढे कोणत्या तपासण्या कधी करायच्या, हे सारे त्यात असावे. त्याच्या चार प्रती काढाव्यात. मूल समजत्या वयाचे झाले की त्याला जवळ बसवून ते पान वाचून दाखवावे आणि त्याच्याच हाती सोपवावे. तंबाखूपासून दूर राहण्याची ताकीदही तेव्हाच द्यावी.

त्या फाईलीत केवळ एका रोगाची कहाणी नाही. एका मुलाने जिंकलेल्या लढाईचा तो दाखला आहे. शाळेचा दाखला आपण जपून ठेवतो, कारण पुढे तो लागतो. हाही लागणार आहे.