उचलवेल तेवढीच गादी

गादी विकत घेताना आपण काय काय बघतो? मऊ आहे की कडक, किती इंची आहे, गॅरंटी किती वर्षांची, सोबत दोन उशा फुकट आहेत का. दुकानात गेलोच तर दोन मिनिटं आडवं पडूनही बघतो, तेही चपला कुठे काढाव्यात या संकोचात पाय बाहेर लटकत ठेवून. पण गादीचं एक टोक धरून ती उचलून बघणारा माणूस मला आजवर एकही भेटलेला नाही.

आणि माझं आपलं स्पष्ट मत असं की गादीची पहिली परीक्षा हीच हवी. जी गादी घरातल्या माणसांना उचलता येत नाही, ती स्वच्छ राहत नाही. मग ती कापसाची असो, काथ्याची, फोमची किंवा स्प्रिंगची. किंमत पाच हजार असो की पन्नास.

विषय वाचून काही मंडळी हसतील. हसा बापडे. पण आयुष्याचा तिसरा हिस्सा जिच्यावर जातो, तिच्याबद्दल चार ओळी लिहायला काय हरकत आहे?

आता गादी उचलायची कशाला, हा प्रश्न. त्याचं उत्तर एका शब्दात: ओल. माणसाच्या त्वचेतून आणि श्वासातून दिवसभरात साधारण पाऊण लिटर पाणी नकळत वाफ होऊन बाहेर पडतं. घाम वेगळाच. रात्रीच्या सात-आठ तासांचा वाटा धरला तर पेलाभर होतं. सगळं काही गादीत जात नाही, पण थोडं थोडं रोज जातं. वरची बाजू अंगाच्या उबेने कोरडी राहते आणि ओल खाली खाली सरकत तळाशी जाऊन बसते. म्हणजे जी बाजू आपल्याला कधीच दिसत नाही, नेमकी तिथेच.

त्या ओलीवर दोन गोष्टी जगतात. एक बुरशी. दुसरे डस्ट माइट्स. हे कोळ्याच्या नात्यातले इवलेसे जीव, साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, चावतही नाहीत. आपल्या अंगावरून झडणारा कोंडा खातात. पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावाच अंगात शोषून घेतात. त्यामुळे हवा पुरेशी कोरडी झाली, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली, की ते फार दिवस तग धरत नाहीत. सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागते, नाक चोंदतं, दम्याचा त्रास वाढतो, त्यामागे बरेचदा हे जीव आणि मुख्यतः त्यांची विष्ठा असते. माइट्स मेले तरी ती विष्ठा आत राहतेच. म्हणून नुसतं वाळवून भागत नाही, झटकावंही लागतं.

आपल्याकडे जुन्या काळी हे शास्त्र कुणाला ठाऊक नव्हतं, पण कृती मात्र नेमकी होती. जमिनीवर अंथरूण. सकाळी वळकटी. त्यामुळे खालची बाजू रोज वर यायची. एप्रिल-मे महिन्यात गाद्या गच्चीवर जायच्या, त्यांना 'ऊन दाखवलं' जायचं (हा शब्दप्रयोग मला फार आवडतो, जणू गादी म्हणजे बाळंतीण आहे!). दुपारी एकदा उलटवायच्या, मग काठीने झोडपायच्या. आम्ही मुलं त्या कामाला क्रिकेटची बॅट वापरायचो आणि धूळ उडाली की आनंदाने ओरडायचो. आणि दोन-चार वर्षांनी पिंजारी. टाके उसवून, खोळ काढून, कापूस पिंजून, थोडा नवा घालून तीच गादी पुन्हा नवी. खोळ धुता यायची, आतला माल दुरुस्त करता यायचा. आजच्या किती वस्तूंबद्दल असं म्हणता येईल?

पण थांबा. 'गेले ते दिवस' म्हणून उसासे टाकायचा माझा बेत नाही. गच्चीवर त्या गाद्या नेत कोण होतं? घरातल्या बायका, आणि हाताशी धरलेली आम्ही पोरं. कापसाची एका माणसाची गादी दहा-बारा किलोची सहज असते. तशा आठ गाद्या दोन जिने वर आणि संध्याकाळी पुन्हा खाली. आजीच्या कंबरदुखीचा हिशोब कुणी मांडला नाही. आता घरात ती माणसं नाहीत, दिवसा घरी कुणी नसतं, आणि सोसायटीच्या गच्चीला कुलूप असतं. तेव्हा 'कापसाच्या गादीकडे परत चला' असा उपदेश मी करणार नाही. ज्याच्याकडे ऊन, जागा आणि हात आहेत त्याने जरूर घ्यावी. नाहीतर वर्षानुवर्षं न पिंजलेली, गाठी झालेली कापसाची गादी ही फोमच्या गादीपेक्षा वाईट, चांगली नव्हे.

प्रश्न गादी कशाची आहे हा नाहीच मुळी. तिची निगा राखायला हात आहेत का, हा आहे. आणि इथे मला माझ्या मावशीचं उदाहरण द्यायलाच हवं. (दादा, तिकडे न्यू जर्सीत बसून तू हे वाचशील हे मला माहीत आहे. रागावू नकोस, शेवटपर्यंत वाच.)

मावशी आणि काका रत्नागिरीला राहतात. ती अठ्ठ्याहत्तर, ते ब्याऐंशी. दादाने तिकडून मोठ्या हौसेने त्यांच्यासाठी मोठा बॉक्सचा पलंग आणि दहा इंची डबल गादी ऑनलाइन मागवून दिली. भावना शंभर नंबरी. आईबाबांची पाठ दुखते, त्यांना चांगली झोप लागावी. गादी आली, सगळ्यांनी फोटो पाहिले, अंगठे वर केले. मावशी मला फोनवर म्हणाली, "अगं, गादी कसली ही, आडवी पडलेली भिंत आहे." तेव्हा आम्ही दोघी हसलो.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी गेले तेव्हा त्यांच्या खोलीत कुबट वास येत होता. मावशीचा खोकला जात नव्हता. डॉक्टरांनी घरात ओल आहे का म्हणून विचारलंही होतं, आणि भिंती तपासून झाल्या होत्या. शेजारच्या मुलाला हाक मारून आम्ही तिघांनी मिळून गादी उभी केली. तळाला काळ्या बुरशीचे ठिपके, आणि खालच्या प्लायवर त्यांचा तसाच्या तसा छाप. बिचाऱ्या मावशीने चादर दर आठवड्याला न चुकता बदलली होती. गादी उचलणं दोघांनाही शक्यच नव्हतं. चादर खोचायला कोपरा उचलायचा तरी काकांची कंबर धरायची.

यात गादीचा दोष नाही, दादाचा नाही, मावशीचा तर नाहीच नाही. कोकणातला पाऊस, खालून बंद प्लाय, वर दहा इंच फोम आणि घरात दोन म्हातारी माणसं. बेरीज चुकणारच होती. बॉक्सचा पलंग सामान ठेवायला सोयीचा खरा, पण गादीला खालून श्वास घ्यायला जागा ठेवत नाही. तोच पलंग पट्ट्यांचा असता किंवा प्लायला भोकं पाडलेली असती, तर एवढं झालं नसतं.

आता ज्यांच्या घरी गादी आधीच आहे (म्हणजे सगळ्यांच्याच!) त्यांनी काय करावं, ते सांगते.

सकाळी उठल्याबरोबर पांघरुणं रचून वर पलंगपोस ओढू नका. अर्धा-पाऊण तास अंथरूण उघडं राहू द्या, खिडकी उघडा, पंखा लावा. पाहुणे आले तर येऊ देत.

फोमच्या गादीला कडक ऊन दाखवू नका. कापसाला ऊन मानवतं, फोमला नाही. तो पिवळा पडतो आणि हळूहळू ठिसूळ होतो. लेटेक्स म्हणजे रबरच, तेही उन्हात कडक होऊन तडकतं. या गाद्यांना सावलीतली वाहती हवा पुरते. दोनेक महिन्यांतून एकदा भिंतीला टेकवून उभी करा आणि दोन्ही बाजूंना पंख्याचा वारा लागू द्या. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा नक्की. तीन-चार महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवा. उलटी करण्याआधी मात्र दोन्ही बाजूंनी वापरायची आहे का ते पाहा, थरांच्या बऱ्याच गाद्या एकाच बाजूच्या असतात.

गादीला चेनची धुता येणारी खोळ पहिल्या दिवसापासून घाला. न उघडणाऱ्या गादीत एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायला पिंजारी येणार नाही. लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर वॉटरप्रूफ खोळ घ्या.

चादरी आणि अभ्रे आठवड्याला धुवा. माइट्स मरायला पाणी साठ अंशांच्या आसपास गरम लागतं. मशीनमध्ये पाणी तापवायची सोय नसेल तरी निराश होऊ नका. गार पाण्यात माइट्स तगतात, पण ॲलर्जी करणारा ऐवज बराचसा धुऊन जातो. धुऊन कडकडीत वाळवा, दमट चादर घडी करून कपाटात नको.

काही सांडलं तर पाणी ओतू नका. कोरड्या फडक्याने टिपा, चोळू नका. मग किंचित ओल्या फडक्याने पुसा आणि पंखा लावा. रक्ताचा डाग असेल तर पाणी गारच हवं, गरम पाण्याने तो पक्का बसतो. वासासाठी खाण्याचा सोडा पसरून काही तास ठेवावा आणि व्हॅक्यूमने काढावा, हे ठीक आहे. पण व्हिडिओत दाखवतात तसं सोड्यावर व्हिनेगर ओतून फसफसवण्यात काही अर्थ नाही. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, उरतं ते खारट पाणी, आणि तेही तुमच्या गादीत!

ढेकूण झाले तर मात्र एकदा फवारून गप्प बसू नका. ते शिवणीत आणि पलंगाच्या फटीत लपतात, आणि अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात. ठरावीक दिवसांनी दुसरी फवारणी हवीच. रॉकेल अजिबात नको, ज्या अंथरुणावर आपण झोपतो त्यावर तर मुळीच नाही.

आणि ज्यांच्याकडे अजून कापसाच्या गाद्या आहेत त्यांनी त्या जरूर पिंजून घ्याव्यात, पण घरात नको. ती धूळ छातीला वाईट. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्या गिरणी कामगारांना त्यापायी फुप्फुसाचा आजार व्हायचा. गादी कारखान्यात द्या आणि दम्याच्या माणसाला त्या बाजूला फिरकू देऊ नका.

आता ही सगळी यादी पुन्हा वाचा. जवळजवळ प्रत्येक कामाला गादी निदान कोपऱ्याने तरी उचलावी लागते. म्हणून मी म्हणते, घेतानाच उचलून बघा. एक मोठी डबल घेण्याऐवजी दोन सिंगल शेजारी शेजारी घ्या. चार-पाच इंच जाडी बहुतेकांना पुरते. दोन सिंगलमधली फट बोचते म्हणाल तर वर एक गोधडी अंथरा, बोचत नाही.

मावशीकडे आता तसंच केलं आहे. बुरशी लागलेली गादी टाकली, प्लायला भोकं पाडून घेतली, तीन बाय सहाच्या दोन पातळ गाद्या आणल्या. खोलीतला कुबट वास गेला. खोकला कमी आहे. पूर्ण गेलेला नाही, आणि तो सगळा गादीमुळेच होता असा दावा मी करणार नाही. पण परवा मावशीने फोनवर सांगितलं की तिने आपली गादी एकटीने उभी करून खिडकीशी टेकवली. आवाजात काय ऐट होती म्हणून सांगू!

आपल्यापैकी कितीतरी जण आईवडिलांपासून लांब राहतो. लांबून पाठवता येते ती वस्तू, निगा पाठवता येत नाही. मग आपण वस्तू जास्तच मोठी पाठवतो. त्यापेक्षा दर दोन-तीन महिन्यांनी घरी जाऊन गादी उभी करून देणाऱ्या, पलंगाखाली झाडून घेणाऱ्या एखाद्या माणसाच्या मजुरीची सोय करा. महागड्या गादीपेक्षा ते स्वस्तच पडेल, आणि त्या निमित्ताने घरात एक माणूस येऊन दोन शब्द बोलून जाईल.

दादा, पुढच्या वेळी काही मागवण्याआधी मावशीला एक फोन कर आणि एवढंच विचार, "आई, तुला हे उचलेल का?"

बाकी मंडळी, तुम्ही आज घरी गेल्यावर गादीचा एक कोपरा उचलून खाली डोकावून बघा. काय दिसलं ते इथे लिहाल तर वाचायला आवडेल.