दारावरचा शिधा

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी घरातल्या फराळाच्या ताटाशेजारी छापील मजकुराला कायमची जागा मिळाली. त्याच साली लंडनमध्ये मारी ट्रेव्हेल्यन या लेखिकेचे वेल्सच्या लोककथा आणि लोकसमजुतींचे जाडजूड संकलन प्रसिद्ध झाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. यंदा आमच्या दिवाळी अंकाचा विषय 'पूर्वज' ठरला. पितृपक्षावर, वीरगळांवर, देव्हाऱ्यातल्या टाकांवर चांगले लेख आले आणि संपादकीय मात्र वेल्समध्ये जाऊन अडकले. इतक्या लांबचा दाखला कशाला, असे सहकाऱ्यांनीही विचारले. त्यांना तोंडी उत्तर जमले नाही, म्हणून इथे देतो.

डोंगराळ वेल्समध्ये जुन्या हिशेबाने हिवाळा १ नोव्हेंबरला लागतो. तो दिवस 'कालान गाइआव' आणि त्याची आदली रात्र 'नोस कालान गाइआव'. उन्हाळाभर डोंगरावरच्या 'हाफोद'मध्ये, म्हणजे चराईच्या वाडीत, काढून गुरे-माणसे तोवर खालच्या मूळ घरी उतरलेली असत. वैरण पुरणार नाही ती जनावरे कापून मांस मिठात घालायचे दिवसही हेच. सालगड्यांचे सालही याच सुमारास भरे. १७५२ मध्ये पार्लमेंटने पंचांग बदलताना ११ दिवस गाळले, तरी गड्यांचा हिशेब पुढे कितीतरी वर्षे जुन्या तिथीने, नोव्हेंबरच्या १३ तारखेच्या आसपास, होत राहिला. नव्या धन्याकडे चाकरी धरायच्या जत्राही तेव्हाच भरत. सरकारने तारीख बदलली म्हणून मजुरी कोण सोडतो?

अशा वेळी, घर भरलेले आणि रात्र लांबत चाललेली असताना, गेलेली माणसे आठवणारच. वेल्समध्ये वर्षातल्या तीन रात्री भुतांच्या मानत, त्यातली ही एक. शेताच्या कुंपणावर चढून पलीकडे जायला जी पायरी असते, त्या प्रत्येक पायरीवर या रात्री भूत बसलेले असते असे म्हणत. उत्तरेकडे घराघराजवळ 'कोइलकेर्थ' नावाची होळी पेटे. फ्लिंटशरचे थॉमस पेनंट यांनी अठराव्या शतकात तिची नोंद करून ठेवली आहे. आग विझत आली की घरातला प्रत्येक जण एकेक पांढरा दगड घेऊन त्यावर आपली खूण करी आणि तो राखेत टाकी. मग आगीभोवती फिरत प्रार्थना म्हणून सगळे झोपायला जात. सकाळी राख उकरून जो तो आपला दगड शोधी. ज्याचा सापडला नाही, तो पुढच्या वर्षीची ही रात्र बघत नाही, अशी समजूत. पेनंट इथेच थांबतात. घरातल्या धाकट्याचा दगड मिळेना तेव्हा त्याच्या आईने काय केले, हे त्यांनी लिहिलेले नाही. आमचा तर्क असा की तिने दुसरा दगड आधीच काळा करून पदराआड ठेवला असावा.

ही रात्र निव्वळ भयाण नव्हती. शेकोटीतल्या ज्वाळा बसल्या की 'हूख दी गुता' आली, बिनशेपटीची काळी डुकरीण आली, मागे राहील त्याला ती धरणार, असा ओरडा होई आणि पोरांबरोबर बाप्येही घराकडे पळत सुटत. काही ठिकाणी डुकरिणीच्या जोडीला मुंडके नसलेली पांढरी बाईही असे. माँटगोमेरीशरमध्ये या रात्रीच्या जेवणात बटाटे, गाजर, सलगम, वाटाणे, पार्सनिप आणि लीक नावाची जाड कांद्याची पात एकत्र उकडून, त्यात दूध, मीठ, मिरपूड घालून घोटत. मोजून नऊ जिन्नस. आपल्या ऋषीच्या भाजीची जाऊ शोभेल असा पदार्थ, फक्त यात एक अंगठी दडवलेली असे. जिच्या घासात ती येई, तिचे लग्न आधी.

आम्ही अडकलो ते मात्र २ नोव्हेंबरपाशी. ख्रिस्ती पंचांगात हा सर्व मृतांचा दिवस. या दिवशी गोरगरीब आणि पोरे घरोघर फिरून पाव, छोटे केक असे खाणे मागत. त्याला उत्तर वेल्समध्ये मेलेल्यांच्या निरोप्याचे अन्न म्हणत. काही भागांत घरचे मृत येतील म्हणून असे अन्न बाहेर काढून ठेवत, चूल नीट करून दाराला अडसर न घालता झोपत. मागायला येणाऱ्याशी व्यवहार चोख होता: तुम्ही मला खायला द्या, मी तुमच्या घरच्या गेलेल्यांसाठी प्रार्थना करतो.

मग धर्मसुधारणा आली. मृतांसाठी प्रार्थना करून त्यांची सुटका होते हे मतच नव्या चर्चला मान्य नव्हते. अशा प्रार्थनांसाठी लोकांनी लावून दिलेली इनामे १५४७ च्या कायद्याने राजाच्या खजिन्यात गेली. आता मागणाऱ्याने काय म्हणायचे? पेनंट यांच्या टिपणांत याचे उत्तर आहे. कायद्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे उलटली तरी लोक केक वाटत होते आणि घेणारे गरीब म्हणत होते, देवा, यांचा पुढचा गहू चांगला पिकू दे. शास्त्र उठून गेले, शिधा जागच्या जागी राहिला. धर्माच्या इतिहासावरच्या ग्रंथांत अशा गोष्टीला सहसा तळटीपही मिळत नाही. आम्हाला ती राजांच्या फर्मानांपेक्षा मोठी वाटते.

पुढे मेथडिस्ट चॅपलवाल्यांनी अशा रात्रींच्या गाण्या-नाचावर नाके मुरडली, खेड्यांतली तरुण पोरे खाणींकडे गेली. १९५९ मध्ये सेंट फेगन्सच्या लोकसंग्रहालयातले ट्रेफोर ओवेन यांनी वेल्सच्या रूढींवर पुस्तक लिहिले, तेव्हा यातले बरेचसे म्हाताऱ्यांच्या सांगण्यातच उरले होते. शिधा थांबला. डुकरीण, मुंडके नसलेली बाई आणि पायऱ्यांवरची भुते तेवढी टिकली, आणि आता ती दुकानांतून मिळणाऱ्या रबरी मुखवट्यांच्या गर्दीत आहेत. आमचे मत असे की यात क्रम महत्त्वाचा आहे. ज्यांच्या नावाने कुणाला तरी जेवायला मिळते, ते पूर्वज राहतात. ते जेवण बंद झाले की त्यांची भुते होतात.

एक सावधगिरीही बाळगायला हवी. १ नोव्हेंबर हा प्राचीन केल्ट लोकांचा वर्षारंभ होता, असे हल्ली सर्रास छापले जाते. ही कल्पना पसरवली ती ऑक्सफर्डमधले केल्टिकचे पहिले प्राध्यापक जॉन र्‍हीस यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तिला पुरावा किती तोकडा आहे, हे रोनाल्ड हटन यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले आहे. जुन्या रूढीला पाचेक हजार वर्षे चिकटवल्याशिवाय आपल्यालाही चैन पडत नाही, तेव्हा वेल्सच्या लोकांना हसण्यात अर्थ नाही. आम्हाला तर ही रूढी अठराव्या शतकातल्या गरिबांनी चालवली एवढेही पुरे आहे.

आता सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर. सांगली, कोल्हापूर, सोलापूर या बाजूला हेळवी येतात. बैलावर बसून यायचे, बाड सोडायचे आणि घरच्या मागच्या पिढ्यांची नावे वाचून दाखवायची, ही त्यांची पिढीजात वृत्ती. कोणता पुरुष मूळ कुठल्या गावचा, कोण कधी इथे आला, कोणाला किती मुलगे, सगळे त्यांच्याकडे असते. नव्याने जन्मलेल्यांची नावे ते बाडात चढवतात आणि धान्य, कापड, पैसा जे मिळेल ते घेऊन पुढच्या घरी जातात. आमच्याकडे आलेल्या पूर्वजांवरच्या लेखांत श्राद्धाचे मंत्र होते, पिंडांची मापे होती, काकस्पर्शाच्या गमती होत्या. हेळवी एकाही लेखात नव्हता. ज्याच्या बाडात आपले खापरपणजोबा आहेत तो माणूस आपल्या यादीतून सुटला. हे लक्षात यायला वेल्सचा फेरा घालावा लागला, याचे आम्हालाही नवल वाटते. बाडांत बायकांची नावे फारशी नसतात, हेही इथेच नोंदवून ठेवतो. त्यावर कुणीतरी स्वतंत्र लिहायला हवे.

तेव्हा वाचकांना एक विनंती. यंदा भाऊबीजेला घरची वडीलधारी मंडळी एकत्र येतील, तेव्हा त्यांना विचारा: आपल्या दारावर कोण येत असे, कोणत्या महिन्यात, काय मागे, कोणाचे नाव घेई आणि आपण सुपात काय घालत होतो? हेळवी असोत, वासुदेव असोत, आणखी कोणी असोत. शेवटचे कधी आले होते आणि का थांबले, तेही लिहा. भाषा सजवू नका, दोन पाने पुरेत. मजकूर मार्गशीर्ष अखेरपर्यंत कार्यालयात पोचला तर पुढच्या दिवाळी अंकात त्यासाठी जागा राखलेली आहे.