समजले असेल तर पुन्हा सांगा

'गैरसमज' हा शब्द मोठा गमतीचा आहे. त्यातला 'गैर' मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. 'समज' मात्र इथलाच. दोन भाषांनी मिळून घडवलेला हा शब्द दोन भाषांच्या सीमेवरच जास्त अनुभवाला येतो. उर्दूत 'कल' म्हणजे गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही. मराठीत 'काल' म्हणजे कालच. अशा गोंधळावर घरात हसून मोकळे होता येते. पण एक जागा अशी आहे की तिथे एका शब्दावर शेकडो जीव टांगलेले असतात. ती म्हणजे विमानाचा वैमानिक आणि त्याला जमिनीवरून मार्ग सांगणारा हवाई नियंत्रक यांचे बोलणे. चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. मधे असतो तो फक्त रेडिओवरचा आवाज.

१२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. सौदी अरेबियन एअरलाइन्सचे जंबो विमान दिल्लीहून निघाले होते. त्यात ३१२ माणसे होती. बरेचसे प्रवासी सौदीला नोकरीसाठी जाणारे आपले भारतीय. कुणाची पहिलीच खेप, कुणी सुट्टी संपवून परत निघालेला. ज्या घरातला कुणी आखातात आहे, त्या घराला विमानतळावरचा तो निरोप वेगळा सांगायला नको. त्याच वेळी समोरून कझाकस्तानचे एक विमान दिल्लीत उतरायला येत होते. त्यात ३७ जण होते. त्या काळी दिल्लीत येणाऱ्या आणि दिल्लीहून जाणाऱ्या नागरी विमानांना एकच वाट होती.

नियंत्रकाने सौदी विमानाला १४ हजार फुटांवर थांबवले आणि कझाक विमानाला १५ हजारांवर. समोरून विमान येत आहे, हेही त्याने कझाक विमानाला कळवले. पण कझाक विमानात नियंत्रकाशी बोलणारा माणूस वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे. बोलणाऱ्या रेडिओ ऑपरेटरसमोर उंची दाखवणारे स्वतःचे यंत्र नव्हते. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून पाहावे लागे. त्यात इंग्रजी कच्चे, आणि सोव्हिएत पद्धतीत उंची मोजायची सवय मीटरची. विमान १५ हजारांच्या खाली उतरत गेले. हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे गेली. हवेत झालेल्या टकरींमध्ये एवढी मोठी जीवितहानी दुसऱ्या कुठल्याही टकरीत झालेली नाही. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत दोष आला तो नेमून दिलेली उंची सोडणाऱ्या कझाक विमानाकडे.

नियंत्रकाने सांगितले होते आणि ऐकणाऱ्याने होकारही दिला होता. पण निरोप ज्याच्या हातात विमान होते, त्याच्यापर्यंत नीट पोहोचला नाही. घरातही असेच होते. औषधाची वेळ डॉक्टर सांगतात मुलाला, मुलगा सांगतो सुनेला, आणि गोळी घेते दादी.

दुसरी घटना न्यूयॉर्कची, २५ जानेवारी १९९० ची. कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे विमान खराब हवामानामुळे एक तासाहून अधिक वेळ आकाशात घिरट्या घालत ठेवले होते. इंधन संपत आले. सहवैमानिकाने 'आम्हाला प्राधान्य हवे' असे कळवले. पुढे 'इंधन संपत आले आहे' असेही सांगितले. पण 'इमर्जन्सी' हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाला नाही. कॅप्टन त्याला स्पॅनिशमध्ये सांगत होता की आणीबाणी आहे हे त्यांना सांग. रेडिओवर येईपर्यंत ते वाक्य मवाळ होऊन जाई. उतरण्याचा एक प्रयत्न फसल्यावर नियंत्रकाने विचारले, एवढा वळसा तुमच्या इंधनाला चालेल ना? उत्तर गेले: चालेल असे वाटते, आभारी आहोत. थोड्याच वेळात विमान लाँग आयलंडवर कोसळले. १५८ पैकी ७३ जण मृत्युमुखी पडले.

इथे भाषा कमी पडली, तशीच भीडही आड आली. मोठ्या विमानतळावरच्या घाईत असलेल्या माणसाला 'आधी माझे ऐका' असे ठणकावून सांगणे जड गेले. वर्गात रोज हेच दिसते. गणित न समजलेला मुलगा 'समजले' म्हणून मान हलवतो, कारण 'नाही' म्हणायला धीर लागतो. सासरी नवी आलेली मुलगी 'बरं वाटत नाही' एवढेच म्हणते. 'ताप आहे, डॉक्टरकडे चला' म्हणत नाही.

विमानसेवेने यावर काही साधे उपाय ठरवले आहेत. नियंत्रकाची महत्त्वाची सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. नियंत्रकाने ती ऐकायची आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायची. नुसते 'ओके' चालत नाही. १९७७ मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने आदळून ५८३ माणसे गेली, त्यातही अशाच एका 'ओके'चा वाटा होता. आता उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच नियंत्रक 'टेकऑफ' म्हणतो, एरवी 'डिपार्चर'. इंग्रजी नऊचा उच्चारही 'नायनर' असा करतात, म्हणजे पाच आणि नऊ कानाला वेगळे लागतात. जीव धोक्यात असेल तर आडवळण नाही, सरळ तीनदा 'मेडे'.

आपल्या घरांतही मराठी, उर्दू, दख्खनी, कोकणी, शिवाय शाळेतली इंग्रजी अशा किती बोली एकत्र नांदतात. ही आपली श्रीमंती आहे. म्हणूनच या महिन्यात एवढे करून पाहा. मुलांना, आजारी माणसांना, घरातल्या वडीलधाऱ्यांना काही महत्त्वाचे सांगितले की 'समजलं ना?' असे विचारू नका. त्याचे उत्तर नेहमी 'हो' असेच येते. त्याऐवजी म्हणा, 'आता तुम्ही मला सांगा पाहू, गोळी केव्हा आणि किती घ्यायची?' आखातातल्या मुलाशी फोनवर बोलताना तारीख, रक्कम आणि वेळ एकदा त्याच्याकडून परत म्हणवून घ्या. 'कल' म्हणण्याऐवजी वार सांगा. आणि कुणी उलट विचारले तर रागावू नका. आपले बोलणे कुणी परत विचारतो, तेव्हा तो अवमान करत नसतो. तो ते नीट पोहोचावे म्हणून धडपडत असतो.